लोखंडी शत्रूचा तोल

अरुंद लाकडी पूल, दोन्ही बाजूंना खोल दरी आणि पलीकडे सेनपोउ मंदिराची वाट. पुलाच्या मधोमध नखशिखान्त पोलादात मढलेला एक परदेशी योद्धा भलीमोठी तलवार घेऊन उभा असतो. खेळणारा पुढे होऊन आपल्या जपानी तलवारीचा नेमका वार करतो. ठिणग्या उडतात, खण्ण असा आवाज येतो, पण योद्ध्याला ओरखडाही उठत नाही. दुसरा, तिसरा, दहावा वार, तरी तेच. मग योद्ध्याची तलवार फिरते आणि पडद्यावर मृत्यूचे लाल अक्षर उमटते. रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात आणि सकाळी कामावर जायचे असते.

'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस' हा जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने २०१९ मध्ये आणलेला खेळ. दबक्या पावलांनी शत्रूच्या मागे जाणे, छपरांवरून सरकणे, दिसलो तर तलवारीने निभावणे अशी त्याची जात. यातल्या बाकीच्या शत्रूंना जखमा होतात, त्यांचे बळ घटत जाते. पुलावरच्या या चिलखतधाऱ्याचे मात्र तलवारीने काही बिघडत नाही. पहिल्या दहा मिनिटांत खेळणाऱ्याला वाटते की आपलीच तलवार कमी पडते आहे, थोडी ताकद वाढवून परत यावे. तसे काही करून उपयोग होत नाही. उत्तर असे आहे की त्याला कापायचेच नसते. त्याचे वार नेमक्या क्षणी परतवत राहायचे, म्हणजे त्याचा तोल ढळत जातो. झुंजीत पुलाचे कठडे मोडतात. तोल पुरता सुटला आणि तो कडेला असला, की एका रेट्यात दरीत. तो मधोमध असताना तोल सुटला तर रेटा वाया जातो, पुन्हा पहिल्यापासून.

हे कोडे कुणीतरी टेबलावर बसून रचले असले तरी त्यामागचे विज्ञान खरे आहे. चिलखताशी झालेल्या खऱ्या लढायांचा इतिहासही जवळजवळ हेच सांगतो.

पोलादाच्या आत माणूस

तलवारीची धार चालते ती दाबामुळे. तेवढेच बळ जितक्या कमी जागेवर एकवटेल तितका दाब जास्त, म्हणून सुरी कापते आणि चमच्याची पाठ कापत नाही. पोलादी पत्रा हेच गणित उलटवतो. धारेवर एकवटलेले बळ तो मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो, शिवाय त्याचा गोलावा वार घसरवून लावतो. पंधराव्या शतकातल्या युरोपीय कारागिरांनी हे तंत्र इतके पक्के केले, की अशा पत्र्याला तलवारीने चिरणे हा फक्त चित्रपटात शोभणारा प्रकार ठरला. त्या काळचे योद्धे ते जाणून होते. तलवारीचे पाते मधोमध हातमोज्याने धरायचे आणि तिचा भाल्यासारखा उपयोग करून टोक फटीत खुपसायचे, अशी पद्धतच पडली होती.

फटी असणारच. माणसाला हात वर करायचा असतो, गुडघा वाकवायचा असतो, बघायचे आणि श्वास घ्यायचा असतो. जिथे हालचाल तिथे पत्रा तोडावा लागतो. काख, मांडीचा सांधा, गुडघ्याची मागची बाजू आणि डोळ्यांसमोरची चीर या जागा कुठल्याही कारागिराला पूर्ण बंद करता आल्या नाहीत. तिथे कड्यांच्या जाळीचे कापड लावत. धारेला ती दाद देत नसे, पण टोकदार खंजीर रेटला तर कडी तुटे.

त्याहून मोठी अडचण वजनाची. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या ग्रॅहम अॅस्क्यू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक गमतीशीर पण काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. चिलखत घालण्याची सवय असलेल्या स्वयंसेवकांना त्यांनी पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या हुबेहूब प्रतिकृती घालून ट्रेडमिलवर चालवले, पळवले आणि ते किती ऑक्सिजन वापरतात ते मोजले. अशा चिलखताचे वजन साधारण ३० ते ५० किलो असते. चालताना लागणारी ऊर्जा दुपटीहून जास्त भरली, धावताना जवळजवळ दुप्पट. तेवढेच वजन पाठीवर पिशवीत घेतले असते तर इतका फरक पडला नसता. चिलखताचा काही भार पायांवर असतो आणि प्रत्येक पावलाला तो उचलून पुढे फेकावा लागतो. पायात जड गमबूट घालून शेतातून चाललेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट श्वासाची. छातीभोवती पोलादी पत्रा आवळलेला असल्याने खोल श्वास घेता येत नाही. दमल्यावर शरीर खोल श्वास मागते आणि चिलखत उथळ श्वासांवर भागवायला लावते. त्यात घाम बाहेर जायला वाट नाही, म्हणजे उष्णता साठत जाते. कोविडच्या दिवसांत पीपीई किट घालून सहा-आठ तास उभ्या राहिलेल्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी याचा हलका नमुना सोसला आहे; आणि त्या किटचे वजन काहीच नव्हते.

२५ ऑक्टोबर १४१५ रोजी अॅजिनकोर्टच्या शेतात फ्रेंच सरदारांची गत अशीच झाली. पावसाने चिखल झालेल्या नांगरटीतून जड चिलखतात चालत ते इंग्रजांपर्यंत पोहोचले तेव्हाच अर्धे संपले होते. हलक्या कपड्यांतल्या धनुर्धाऱ्यांनी त्यांना गाठले. पडलेल्याला उठता येईना आणि मागून येणारे त्याच्यावरच कोसळत होते. बाणांइतकेच श्रेय चिखलाला द्यायला हवे.

जपानमध्येही चिलखतधाऱ्याशी लढण्याची स्वतंत्र विद्या होती. त्याला कापत बसायचे नाही, अंगाशी भिडून त्याचा तोल मोडायचा, खाली पाडायचे आणि मग आखूड, जाड पात्याची कट्यार फटीत घालायची. पुढे जुजुत्सू म्हणून जी झटापटीची कला नावारूपाला आली, तिची काही मुळे या चिलखतातल्या कुस्तीत आहेत. खेळातला नायक पुलावर जे करतो ते याच घराण्यातले.

मग जपानी पुलावर युरोपीय चिलखत आले कुठून? खेळाची कथा काल्पनिक असली तरी ही शक्यता काल्पनिक नाही. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. त्यांचा पूर्वेकडचा सारा कारभार गोव्यातून चाले. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला निघाले तेही गोव्याहूनच. दक्षिणेकडून येणाऱ्या या परक्यांना जपानी लोक 'नानबान' म्हणत. त्यांच्या छातीचे पोलादी पत्रे जपानी सरदारांना इतके आवडले, की त्यावर बेतलेली 'नानबान' चिलखते तिथे घडू लागली. खुद्द तोकुगावा इएयासु यांच्याकडे तसे चिलखत होते. बंदुकीचे युग सुरू झाले होते आणि गोळी झेलेल असा पत्रा हवा होता. म्हणजे पुलावरचा तो योद्धा खरोखरच कुठल्या जहाजाने आला असता, तर वाटेत त्याने बहुधा मांडवीचे पाणी पाहिले असते.

आपल्याकडे चिलखताचा विचार वेगळ्या वाटेने गेला. अवघड घाटांत आणि वेगवान घोडदौडीत पोलादाचे ओझे परवडणारे नव्हते. अंगरख्याखाली जाळीचे चिलखत आणि मंदिलाखाली जिरेटोप ही प्रतापगडाच्या भेटीची तयारी मराठी वाचकाला पाठ आहे. संरक्षण तर हवे, पण हालचाल गमवायची नाही, असा तो हिशेब होता.

तोल म्हणजे काय

'सेकिरो'च्या इंग्रजी आवृत्तीत शत्रूच्या डोक्यावर जी पट्टी भरत जाते तिला 'पॉश्चर' म्हटले आहे. मूळ जपानी शब्द आहे 'ताइकान', म्हणजे शरीराचा मधला खांब, धड. हा शब्द शरीरशास्त्राच्या जास्त जवळ जातो. माणूस उभा राहतो ही वास्तविक सतत चालणारी कसरत आहे. कानाच्या आतली द्रवाने भरलेली अर्धवर्तुळाकार नळकांडी डोके कुठे वळले ते सांगतात, डोळे क्षितिज सांगतात, तळपाय आणि सांधे जमिनीचा दाब सांगतात. लहान मेंदू हे सारे जुळवून पोटा-पाठीच्या स्नायूंना क्षणोक्षणी आज्ञा देतो. शरीराच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेघ दोन पावलांच्या मधल्या जागेत पडते तोवर माणूस उभा राहतो. ती बाहेर गेली, की एक पाऊल टाकून सावरावे लागते, नाहीतर पडावे लागते.

चिलखत या व्यवस्थेवर तिन्ही बाजूंनी घाला घालते. डोक्या-खांद्यांवरच्या वजनाने गुरुत्वमध्य वर सरकतो. शिरस्त्राणाच्या चिरेतून पायाखालचे दिसत नाही. पायात पोलाद असल्याने सावरण्याचे पाऊल उशिरा पडते. त्यात जड तलवारीचा फटका हवेत गेला किंवा बाजूला वळवला गेला, तर तिचा वेगच मालकाला ओढून नेतो. खेळातली पट्टी नेमके हे मोजते. आणि हल्ला थांबवून मागे सरले, की ती उतरू लागते, कारण शत्रूला सावरायला वेळ मिळतो. हा बारकावा सुचणाऱ्याला दाद द्यायला हवी.

पत्रा धार अडवतो, पण धक्का पूर्ण अडवू शकत नाही. म्हणून चिलखतांच्या काळात गदा आणि युद्धहातोडे लोकप्रिय झाले. शिरस्त्राण शाबूत राही आणि आतला माणूस बेशुद्ध पडे. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगतो. डोके एकदम थांबले किंवा गर्रकन फिरले, तर मेंदू मागे राहतो, त्यातले तंतू ताणले जातात. यावर उपाय एकच, थांबण्याचा वेळ वाढवणे. त्यासाठी तेव्हा चिलखताखाली जाड गोधडीसारखा अंगरखा आणि टोपीखाली अस्तर असे. आज दुचाकीच्या हेल्मेटमध्ये ते काम आतला थर्मोकोलसारखा थर करतो. तो चेपतो, म्हणून डोके वाचते. एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. मोठ्या अपघातानंतर बाहेरून धड दिसणारे हेल्मेट बदलायचे ते याचसाठी, आणि पदपथावर शंभर-दीडशे रुपयांत मिळणारी नुसती प्लॅस्टिकची टोपी ही पोलीस चुकवण्यापुरतीच, तीही याचसाठी.

टोप्या पुरवणाऱ्यांना गाठा

दबक्या पावलांच्या खेळांत चिलखतधारी शत्रू आणण्यामागे रचनाकारांचा एक हेतू असतो: खेळणाऱ्याची सवय मोडणे. 'बॅटमॅन: आर्कम सिटी'मध्ये चिलखतवाल्याला नुसते ठोसे लागत नाहीत, आधी झग्याच्या फटक्याने गोंधळवावे लागते. 'डिसऑनर्ड २' मधल्या यांत्रिक शिपायाचे डोके उडवले तर तो मरत नाही, पण त्याला आपला-परका ओळखता येत नाही आणि तो आपल्याच मालकाच्या पहारेकऱ्यांवर तुटून पडतो.

या बाबतीत सर्वांत हुशार खेळ म्हणजे २०१५ चा 'मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन'. या मालिकेचा पहिला खेळ १९८७ मध्ये हिदेओ कोजिमा यांनी एमएसएक्स-२ या संगणकासाठी केला. त्या यंत्राला पडद्यावर एका वेळी फार शत्रू आणि गोळ्या झेपत नव्हत्या, म्हणून लढण्याऐवजी लपण्याचा खेळ करायचे ठरले. पाचव्या भागात शत्रू खेळणाऱ्याच्या सवयी ओळखतो. डोक्यात गोळ्या घालण्याची सवय लागली, की काही दिवसांत पहारेकरी शिरस्त्राणे घालून दिसू लागतात. रोज रात्री छापे घातले, की त्यांना अंधारात पाहण्याचे चष्मे मिळतात. तीच ती युक्ती वापरणारा खेळाडू स्वतःच्या हाताने शत्रूला चिलखत चढवत असतो.

आरोग्याच्या पानावर हे वाचताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणात इशारा दिला होता, की अपुरी मात्रा घेणारे लोक जंतूंना औषधाची सवय लावतील. जंतू शिपायांसारखे शिकत नाहीत, हे खरे. त्यांच्यातले कच्चे मरतात, चिवट उरतात आणि उरलेल्यांची प्रजा वाढते. परिणाम मात्र तोच, पुढच्या खेपेला समोर टोप्या घातलेले सैन्य.

चिलखताचा जंतूंशी संबंध एवढ्यावर संपत नाही. क्षयाच्या जंतूभोवती मायकॉलिक आम्लांचा मेणचट थर असतो. पाण्यात विरघळणारी अनेक औषधे त्याच्याजवळही फिरकू शकत नाहीत. त्याच्याविरुद्धचे आयसोनियाझिड हे औषध तो थर फोडत बसत नाही, नवा थर विणण्याचे कामच बंद पाडते. पेनिसिलिनही वेगळ्या जंतूंवर याच जातीचे काम करते. तयार भिंतीला ते धक्का देत नाही. वाढत्या जंतूला नवी भिंत बांधता येत नाही आणि तो आतल्या दाबाने फुटतो. 'मेटल गिअर'मध्येही शिरस्त्राणांवरचा उत्तम उपाय बंदूक मोठी करणे हा नाही. आपली एक तुकडी पाठवून शत्रूला टोप्या पुरवणारे ठिकाणच उडवायचे. काही दिवसांनी पहारेकरी पुन्हा उघड्या डोक्याने दिसतात. क्षयाचे औषध सहसा किमान सहा महिने घ्यावे लागते आणि बरे वाटले म्हणून दुसऱ्या महिन्यात थांबलेला रुग्ण ही दवाखान्यांची जुनी डोकेदुखी आहे. तिथे मात्र खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची सोय नाही. उलटलेला क्षय औषधांना दाद न देणारा असू शकतो.

लपलेल्याचे हृदय

या साऱ्यात खेळणाऱ्याच्या शरीरात काय चालते? पेटीमागे लपून पहारेकरी जाण्याची वाट पाहताना बहुतेकांना वाटते की छाती धडधडते आहे. सावध होऊन गोठून बसलेल्या प्राण्यात आणि माणसात हृदयाची गती प्रत्यक्षात कमी होते. शरीर हालचाल रोखून धरते आणि सारे लक्ष कान-डोळ्यांत आणते. पकडले गेलो की पुढच्या क्षणी अॅड्रेनलिनचा लोंढा येतो आणि मग खरी धडधड सुरू होते. हा चढउतार रात्री अकरा ते एक या वेळात वीस वेळा झाला, तर अंथरुणावर पडून झोप का येत नाही हे विचारायला नको. पडद्याच्या उजेडाने मेलाटोनिन लांबणीवर पडते ते वेगळेच.

अशा खेळांनी काही कौशल्ये सुधारतात, हेही खरे. शॉन ग्रीन आणि दाफ्ने बाव्हेलिए यांनी २००३ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले, की वेगवान मारधाडीचे खेळ खेळणाऱ्यांचे दृश्य लक्ष न खेळणाऱ्यांहून सरस असते आणि नवख्यांना सराव दिल्यावर त्यांच्यातही फरक पडतो. २००७ मध्ये अमेरिकेत ३३ शल्यचिकित्सकांची पाहणी झाली. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सराव-चाचणीत ३७ टक्के कमी चुका केल्या आणि काम २७ टक्के वेगाने उरकले. मुलांनी आईबाबांना दाखवायला हा आकडा सोयीचा आहे. पण चपळ हातांची माणसेच खेळांकडे जास्त वळली असतील, ही शक्यता त्या पाहणीतून वगळता येत नाही. आणि रात्री दोनपर्यंत खेळण्याचे समर्थन तर त्यातून अजिबातच निघत नाही.

उलट पुलावरच्या योद्ध्याला हरवायचे असेल तर विज्ञानाचा सल्ला सरळ आहे: झोपा. पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. वार दिसल्यावर तो परतवायला गेले की उशीर झालेला असतो. खांदा वळला, की पुढे काय येणार हे आधीच उमगावे लागते. ही लय मेंदूत बसते ती सरावाने, आणि सराव मुरतो झोपेत. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना बोटांनी कळा दाबण्याचा एक ठरावीक क्रम शिकवला. दिवसभर जागे राहिलेल्यांत फारसा फरक पडला नाही, मात्र एका रात्रीच्या झोपेनंतर वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. हा परिणाम नेमका किती मोठा यावर नंतर संशोधकांत वाद झाले. तरी खेळणाऱ्यांच्या अनुभवाशी तो जुळतो. रात्री तीस वेळा मारणारा शत्रू सकाळी दुसऱ्या फेरीत पडतो आणि काल काय अवघड वाटत होते तेच कळत नाही.

तरीही रात्री थांबवत नाही, याचेही कारण आहे. लंडनमध्ये १९९८ मध्ये आठ पुरुषांना पैशांच्या बक्षिसासाठी रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला लावून त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढले, तेव्हा डोपामिन वाढलेले आढळले. अगदी थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला हरल्यापेक्षा 'जवळ आलो' असा वाटतो. थांबता येणे आणि न येणे यात आजाराची सीमा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे. तिच्या कसोटीत रोजच्या तासांचा आकडा नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, जेवण, शाळा, नोकरी, माणसे या सर्वांहून खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, तेही साधारणपणे वर्षभर, हे पाहिले जाते. परीक्षा संपल्यावर दोन दिवस खेळात बुडालेला मुलगा यात बसत नाही. डबा न उघडता परत आणणारा, मित्रांचे फोन न घेणारा आणि विचारल्यावर खोटे सांगणारा बसू शकतो. तिथे फोन हिसकावून काही साधत नाही, मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे लागते.

पुलावरचा योद्धा मात्र बहुतेकांकडून एक-दोन दिवसांत पडतो. वार परतवत त्याला मोडलेल्या कठड्याकडे आणायचे, तोल सुटेपर्यंत त्याला उसंत द्यायची नाही, आणि रेटायचे. दरीत कोसळताना तो 'रॉबर्ट' अशी हाक मारतो. रॉबर्ट हा त्याचा मुलगा. पुष्कळ खेळाडूंना हे त्याला पाडल्यानंतरच कळते.